अल्पाका पाळायचे आहेत, पण नोकरी सांभाळून व्यायचा सिझन झेपेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवराबायको दोघं अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटीजवळ आयटीत आहेत, पाच एकर जागा बघून ठेवलीय, पाच-सहा अल्पाका (उंटाच्या कुळातलं, लोकरीसाठी पाळतात ते जनावर) घ्यायचं मनात आहे. रोजचं काम किती पडतं, माद्या व्यायला लागल्या की रात्री जागाव्या लागतात का, आणि हे सगळं नोकरी करून जमतं का. शिवाय त्यांच्या सासऱ्यांचं म्हणणं की हेच पाचगणीला आपल्या जागेत का नको करायला. त्याचंही शेवटी सांगते.

मी कोलंबसच्या पूर्वेला एका रँचवर कळप सांभाळते, साठेक जनावरं आहेत. मालकीणबाईंचं आता वय झालंय म्हणून व्याणं, औषधं, वजनं, सगळी वह्या-रजिस्टरं माझ्याकडेच असतात. माझं माहेर आटपाडीकडचं, शेळ्यामेंढ्यांच्या दावणीतच वाढले, त्यामुळे मी सारखी शेळीशी तुलना करत राहीन ती चालवून घ्या.

आधी रात्रीचं. रात्री जागावं लागत नाही. शेळी कधीही व्याते, पहाटे तीनला व्याते, पावसात व्याते, पण अल्पाका साधारण सकाळी आठ ते दुपारी दोनच्या आत मोकळी होते. मूळचं हे जनावर पेरू-बोलिव्हियाच्या पठारावरचं, साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरचं, तिथे ऊन असताना जन्मलेलं पिल्लू संध्याकाळच्या आत वाळून उभं राहतं, रात्री जन्मलेलं गारठून मरतं, हजारो वर्षं असं होत होत ती सवय रक्तात उतरलीय. म्हणजे तुमची झोप सुरक्षित आहे, गोची वेगळीच आहे, बरोबर तुमच्या स्टँडअप मीटिंगच्या वेळेला ती व्यायला बसणार. आणि उलट बाजूने, एखादी मादी रात्री कळा देताना दिसली तर "आज उशीर झाला वाटतं" म्हणून सोडून द्यायचं नाही, बहुतेक वेळा काहीतरी अडलेलं असतं, व्हेटला फोन करायचा.

आता रोजचं. सकाळी सहा-साडेसहाला गोठ्यात गेलं की पहिलं काम मोजणी, मग गवत, पाणी, मग लेंड्या भरणं. यांची एक गोष्ट फार सोयीची, सगळा कळप एकाच ठिकाणी जाऊन घाण करतो, कुरणात दोन-तीन ठरलेले ढीग असतात, त्यामुळे फावडं आणि ढकलगाडी घेऊन गेलं की पाऊण तासात आवरतं. नवीन लोकांना वाटतं हे काम कुणालाही पैसे देऊन करून घेता येईल. मी मुद्दाम स्वतः करते. तिथेच उभं राहिलं की कळतं कोण पातळ टाकतंय, कोण नुसतीच येऊन उभी राहते आणि काहीच होत नाही, कुणाच्या शेपटीखाली चिकटलंय. अल्पाका आजार लपवतो, इतका लपवतो की खाली बसला आणि उठेना झाला म्हणजे बऱ्याचदा उशीर झालेला असतो. वरून लोकर एवढी की जनावर आत निम्मं वाळलं तरी डोळ्याला गुबगुबीतच दिसतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी पाठीच्या कण्यावर, कमरेच्या वर, हात दाबून बघायचा, कण्याच्या दोन्ही बाजूला मांस भरलेलं लागतंय की खड्डा लागतोय. आणि खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा, लालगुलाबी असेल तर ठीक, पांढरट असेल तर पोटात जंत रक्त पितायत. शेळ्यांनाही आपण हेच बघतो.

खायला जास्त लाड नाहीत. वजनाच्या दीड-दोन टक्के चांगलं वाळलेलं गवत, थोडे मिनरलवाले पेलेट्स, आणि चोवीस तास स्वच्छ पाणी. पाणी शिळं असलं की पीत नाहीत, नखरे आहेत त्यांचे. हिवाळ्यात बादल्यांना हीटर लावावे लागतात नाहीतर सकाळी बर्फ फोडत बसा. दोन-तीन महिन्यांनी नखं कापायची. मे महिन्यात कातरणीवाले येतात, चारी पाय दोरीने ताणून जनावर मॅटवर आडवं करतात, बघायला भयंकर वाटतं पण सात-आठ मिनिटांत काम संपतं, जनावरामागे दोन-चार किलो लोकर निघते आणि त्याच वेळी दात, नखं, लस सगळं उरकून घेता येतं.

ओहायोत राहून दोन गोष्टींना माफी नाही. पहिली म्हणजे मेनिंजियल वर्म. तुमच्या भागात पांढऱ्या शेपटीची हरणं असणारच, त्यांच्या विष्ठेतून तो जंत गोगलगायीत जातो, गोगलगाय गवताबरोबर अल्पाकाच्या पोटात, आणि हरणाला ज्याचा काही त्रास होत नाही तोच जंत अल्पाकाच्या पाठीच्या कण्यात शिरून मागचे पाय लुळे करतो. त्यासाठी दर महिना-दीड महिन्याला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, व्हेट सांगेल त्या मात्रेत, वर्षभर. एखादा मागच्या पायांनी अडखळत चालताना दिसला तर उद्यावर टाकायचं नाही. दुसरी गोष्ट उकाडा. फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज करा, १८० च्या वर गेली की धोका. ९० डिग्री आणि ९० टक्के म्हणजे झालंच की, आणि जुलैत इथे त्याच्या जवळ जाणारे दिवस येतात. पंखे लावा, सावली ठेवा, पाणी मारायचं ते पोटावर आणि पायांवर, पाठीवर कधीच नाही, पाठीची लोकर भिजली की आतली उष्णता आतच कोंडते.

आता व्याण्याकडे येते, तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

अल्पाकाला शेळीसारखा माज येऊन जात नाही, नराशी संग झाला की मगच बीज सुटतं. त्यामुळे कधी भरवायची ते आपण ठरवतो आणि तारीख पक्की माहीत असते. आठवड्या-दोन आठवड्यांनी परत नर समोर आणायचा, गाभण असेल तर मादी कान मागे टाकून त्याच्या तोंडावर अशी काही थुंकते की त्याने मान फिरवावी. न थुंकता त्याच्यासमोर खाली बसली तर परत भरवायची. नंतर सोनोग्राफीने खात्री करायची. गाभणकाळ साधारण साडेअकरा महिने, ३३५ ते ३४५ दिवस धरून चाला, पण ३६० पर्यंत गेलेल्याही असतात आणि पिल्लू ठणठणीत निघतं. तारीख उलटली म्हणून घाबरून औषध देऊन कळा आणायच्या नादाला लागू नका, तो निर्णय व्हेटचा. आम्ही भरवणीच अशी करतो की मे-जून किंवा सप्टेंबरमध्ये व्याव्यात, जुलै-ऑगस्टचा उकाडा आणि डिसेंबर ते मार्चची थंडी दोन्ही टाळायची. व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मादी परत भरवता येते, म्हणजे चांगली मादी जवळपास कायमच गाभण असते.

व्यायला झाली हे ओळखायचं कसं? शेळीची कास भरते, सड ताणतात, दोन दिवस आधी सगळ्या गल्लीला कळतं. इथे कासेवर विसंबू नका, काहींची अगदी त्या सकाळीच भरते. मी बघते ती वागणूक. नेहमी गव्हाणीवर पहिली येणारी आज मागे राहिली, कळपापासून थोडी लांब जाऊन बसली, उठली, परत बसली, सारखं गुणगुणतेय, आणि पुन्हा पुन्हा त्या लेंड्यांच्या ढिगावर जाऊन उभी राहतेय पण करत काहीच नाही. नवीन माणसाला वाटतं हिला बद्धकोष्ठ झालाय. ही पहिली पायरी दोन-तीन तास, कधी पाच-सहा तासही चालते. पाण्याची पिशवी फुटल्यावर मात्र गाडी वेगाने धावते, अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू बाहेर यायला हवं. नाक आणि दोन पुढचे पाय, सूर मारल्यासारखे, आणि मादी बहुतेक वेळा उभीच. डोकं आणि पाय बाहेर, बाकी सगळं आत, अशा अवस्थेत ती निवांत गवत खात हिंडते, आणि बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. तेव्हा ओढायचं नाही. पिल्लू उलटं लोंबकळत असतं तेव्हाच त्याच्या नाकातोंडातून पाणी निथळून जातं, ते बाहेर खेचून काढलंत तर तेवढं छातीत राहील.

मग हात लावायचा कधी? गेल्या मे महिन्यातलं एक सांगते. तपकिरी मादी, पहिलटकरीण, साडेदहाच्या सुमाराला नाक दिसलं आणि एकच पाय. जीभ बाहेर, पण गुलाबी होती, निळी नाही, म्हणजे थोडा वेळ होता. पंधरा मिनिटं थांबले, ती जोर लावतेय आणि इंचभरही पुढे नाही. मालकीणबाईंनी मादीची मान धरली, मी शेपटीला पट्टी गुंडाळली, साबणाने धुतलं, ग्लोव्ह घातले, भरपूर जेल लावलं आणि पिल्लाच्या मानेच्या कडेकडेने बोटं सरकवत खांद्यापर्यंत गेले, खांद्यावरून गुडघा, पाय आत मागे दुमडलेला होता. इथे घाई केली तर पिल्लाचं नख मादीची गर्भपिशवी फाडतं. त्यामुळे कळ येऊन गेली की मधल्या वेळात पिल्लू जरासं आत रेटायचं, जागा करायची, आणि पायाचं टोक पूर्ण आपल्या तळहातात झाकून मगच पुढे आणायचं. मादीच्या आत जागा फारच थोडी, माझा हात लहान आहे म्हणून जमतं, आमच्या शेजारच्या आडदांड शेतकऱ्याचा पंजा तिथे जाणार नाही. पाय पुढे आला, पुढच्या दोन कळांत पिल्लू खाली गवतावर. सात किलोच्या थोडं वर, पांढरं मादी पिल्लू, आई तपकिरी, बाप काळा, रंगांचं गणित या जनावरात कुणाला जमलेलं नाही.

हे मी केलं ते मला एका पायाचं प्रकरण ओळखता येतं म्हणून. डोकं मागे वळलेलं, नुसती शेपूट दिसतेय, किंवा दहा मिनिटं आत चाचपडूनही काय कुठे आहे ते कळत नाहीये, अशा वेळी हात बाहेर काढायचा आणि व्हेट. शक्यतो गाडीत घालून थेट न्यायची. कोलंबसला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं व्हेटर्नरी हॉस्पिटल आहे, तिथे या जनावरांची चांगली माहिती असलेले लोक आहेत, तुम्हाला दोन तास पडतील पण रस्ता माहीत असू द्या.

पिल्लू पडल्यावर आई त्याला चाटत नाही. शेळी-गाय बघितलेल्या माणसाला हे बघून धसका बसतो, वाटतं आईने नाकारलं. तिची जीभ बाहेर येतच नाही तेवढी, ती फक्त नाक लावते आणि गुणगुणते. अंगावर प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा असतो तो वाळून आपोआप निघतो, दिवस गार असेल तर टॉवेलने आपण पुसून घ्यायचं. बाकीच्या माद्या एकेक करून येतात, वास घेतात, जातात. त्यांना हाकलू नका, फक्त गर्दी करून पिल्लू तुडवत नाहीत ना ते बघा. नाळेला औषध लावायचं, आम्ही क्लोरहेक्सिडिन वापरतो, दिवसातून दोन-तीनदा. मग लांब जाऊन बसायचं. तास-दीड तासात पिल्लू धडपडत उभं राहतं, चार वेळा तोंडावर पडतं, आणि चार तासांच्या आत त्याने चीक प्यायला पाहिजे. सडांच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो, तो हलकेच पिळून काढला तर त्याचं काम सोपं होतं. चार सड असतात, चारही बघा.

चीक पोटात जाणं याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. प्रतिकारशक्ती आईच्या पोटात असताना मिळत नाही, सगळी चिकातून येते आणि पहिल्या दिवसानंतर आतडं ती आत घेत नाही. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहा टक्के तरी चीक पोटात जायला हवा, म्हणजे सात किलोच्या पिल्लाला सातशे मिली. आई पाजत नसेल तर शेळीचा किंवा गाईचा चीक चालतो. शंका असेल तर दुसऱ्या दिवशी रक्त काढून आयजीजी, म्हणजे चिकातून आलेली प्रतिकारशक्तीची प्रथिनं, तपासायचं, कमी आलं तर व्हेट प्लाझ्मा देतात, खर्च आहे पण पिल्लू वाचतं.

वार, म्हणजे पिल्लामागून बाहेर येणारी झार, साधारण दोन-तीन तासांत पडते. पडली की गवतावर पसरून बघायची, पूर्ण आहे ना, तुकडा आत राहिला नाही ना. सहा तास होऊनही पडली नाही तर फोन. आपल्याकडे काहीजण लोंबणाऱ्या वारेला चप्पल नाहीतर दगड बांधतात, ते इथे चुकूनही करू नका, आणि हाताने ओढूही नका.

पुढचे दोन आठवडे रोज ठराविक वेळी वजन. बॅगा मोजायचा हुकवाला काटा आणि कापडी झोळी, एवढंच लागतं. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं, नंतर रोज दीडशे-दोनशे ग्रॅम तरी चढायला हवं. पिल्लू सारखं आईच्या खाली तोंड घालतंय म्हणजे भरपूर पितंय असं लोक समजतात, खरं बऱ्याचदा उलट असतं, दूध मिळत नाही म्हणून ते सारखं हुंगत असतं. पोटभर प्यालेलं पिल्लू दोन मिनिटं पितं आणि उड्या मारायला जातं. काट्यावर आकडा सलग दोन दिवस तिथेच राहिला की मी बाटली काढते. आणि लवकर जन्मलेली पिल्लं, ३२० दिवसांच्या आतली, ओळखू येतात, कानाची टोकं मागे दुमडलेली, खालचे दात हिरडीतून वर न आलेले, पायांचे सांधे सैल. ती आपण घरी सांभाळायची नसतात, दवाखाना.

एक गोष्ट तुमच्यासारख्यांना खास सांगायची आहे, कारण गोंडस असतात म्हणूनच लोक घेतात ना. नर पिल्लाला बाटलीवर वाढवताना मांडीवर घेणं, पापे घेणं, घरात आणणं, सगळं बंद. माणसांच्यात वाढलेला नर मोठा झाला की तुम्हाला दुसरा नर समजतो, छातीवर येतो, मागून गुडघ्यात धडक देतो, पाडतो. सत्तर किलोचं जनावर आहे, आणि तो स्वभाव नंतर सुधारत नाही. बाटली द्यायचीच वेळ आली तर उभ्याने द्यायची, दूध संपलं की पाठ फिरवून निघून जायचं, पिल्लू कळपातच ठेवायचं. मुलं ऐकणार नाहीत, त्यांना आधीच सांगून ठेवा.

मग तुम्ही काय करावं? माझं स्पष्ट मत, पहिली दोन वर्षं व्याण्याच्या भानगडीत पडूच नका. तीन-चार खच्ची केलेले नर घ्या. एकटा-दुकटा घेऊ नका, कळपाचं जनावर आहे, तीन तरी हवेत. लोकर तेवढीच मिळते, रोजचं काम सकाळी तासभर आणि संध्याकाळी अर्धा तास, नोकरी सांभाळून आरामात होतं, आणि कण्यावर हात ठेवून, लेंड्या बघून, जनावर वाचायची नजर तयार होते. व्याण्याच्या दिवशी तीच नजर कामाला येते. मग हौस टिकली तर आधी दोनदा तरी नीट व्यालेल्या, स्वतः पाजणाऱ्या दोन माद्या घ्या, पहिलटकरीण नको, आणि तारखेच्या आधी दोन आणि नंतर तीन आठवडे तुमच्यापैकी एकजण घरून काम करेल अशी सोय करा. कॅमेरा लावा, पण कॅमेऱ्यात पाय दुमडलेला दिसला तरी ऑफिसातून हात घालता येत नाही. जागेचं बयाणं द्यायच्या आधी तासाभराच्या अंतरात अल्पाका बघणारा व्हेट आहे का ते विचारा, कुत्र्या-मांजरांचे खूप आहेत, हे बघणारे थोडे.

पैशाचं कोणी स्वप्न दाखवत असेल तर त्याला लांब ठेवा. अमेरिकेत हे जनावर १९८४ पासून यायला लागलं, १९९८ मध्ये बाहेरून आणलेल्या जनावरांसाठी रजिस्ट्री, म्हणजे वंशावळीची अधिकृत नोंद, बंद झाली, त्या काळात एकेक मादी वीस-पंचवीस हजार डॉलरला जायची आणि लोक रिटायरमेंटचे पैसे त्यात घालत होते. २००८ नंतर तो फुगा फुटला. आज खच्ची नर काही शे डॉलरला मिळतो, कधी कुणी तसाच देऊनही टाकतं. लोकरीतून गवताचा खर्च निघाला तरी मी तुम्हाला हुशार म्हणेन.

पाचगणीचं म्हणाल तर सासऱ्यांना नमस्कार सांगा आणि नको म्हणा. थंडी आहे हे खरं, पण अल्पाकाची थंडी कोरडी, आणि महाबळेश्वर पट्ट्यात चार महिने धो धो पाऊस आणि धुकं. लोकर भिजलेली, पाय चिखलात, जंतांना तर सणच. बाहेरून जिवंत जनावर आणायला सरकारी परवाना, क्वारंटाइन हे वेगळंच, आणि एवढं करून आणलं तरी अडलेली मादी सोडवणारा डॉक्टर आणि कातरणारा माणूस कुठून आणणार? त्यांना हौसच असेल तर उस्मानाबादी शेळ्या घ्या म्हणावं, एका वेतात दोन करडं, आणि गावात शंभर माणसं सांगायला.

माद्या घेतल्यातच तर गोठ्यात एका बंद डब्यात एवढं तयार ठेवा: टॉवेल, ग्लोव्हज, जेल, क्लोरहेक्सिडिन, थर्मामीटर, वजनकाटा, बाटली आणि निपल, आणि फ्रीझरमध्ये ओळखीच्या निरोगी शेळीचा चीक, पाव लिटरच्या पिशव्यांमध्ये, वर तारीख लिहून. तो वितळवताना मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, त्यातली कामाची प्रथिनं उकळून जातात, कोमट पाण्याच्या पातेल्यात पिशवी ठेवायची आणि मनगटावर थेंब टाकून बघून मग पाजायचा.